डांबराखालचा नंबर

औंढ्यात आमच्या भागात नळ चौथ्या दिवशी येतो आणि पाऊण तासात जातो. त्या पाऊण तासात घरातल्या कुणी माझ्याशी बोलायचं नसतं. त्या सकाळी एक पाईप टाकीत, दुसरा न्हाणीतल्या पिंपात आणि मी पदर खोचून दोन्हींच्या मध्ये उभी. सासूबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. माझा नवरा मुकुल तोंडाला साबण फासून "टॉवेल कुठंय" असं तिसऱ्यांदा विचारत होता. तेवढ्यात फाटक वाजलं. हातानं नाही, पान्यानं. लोखंडावर लोखंड, आणि थांबायचं नाव नाही.

"फाटक पाडतो की काय मेला!" सासूबाई म्हणाल्या.

मी कडी काढली. दारात खेमा आडे उभा होता. सिद्धेश्वरच्या रस्त्याला तांडा आहे, तिथला. औंढ्याच्या बाहेर रस्त्याकडेला त्याचं वेल्डिंगचं शेड. पन्नाशीचा, काटक, डावी भुवई ठिणगीनं जळून कायमची अर्धी झालेली. सदऱ्याला इतकी बारीक भोकं की उन्हात त्याच्या अंगावर ठिपके पडावेत. काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी.

"महाराज हायेत का?"

"कोणते?"

"ज्यांनी जीप आणून टाकली अन् तोंड फिरवून गेले, ते."

म्हणजे माझे मोठे दीर, राधाकृष्णभाऊजी. ते वरच्या मजल्यावर राहतात. देवळातल्या सेवेची पाळी आणि शिरड शहापूरची हळदीची शेती, दोन्ही तेच बघतात. मी हाक मारायच्या आत खेमानं गोणपाट सोडलं आणि आतला तुकडा ओट्यावर टाकला. हातभर लांब लोखंड, पण लोखंड म्हणवत नव्हतं. बाहेरून काळं कुळकुळीत आणि आतून पापडासारखे पदर सुटलेले. तांबडा भुगा उडून मेथीवर बसला.

"अरे, मेथीत!" सासूबाई ओरडल्या.

"मेथी धुता येते, आज्जी. हे धुऊन निघत न्हाई."

भाऊजी पूजा अर्धी टाकून खाली आले होते. कपाळाचं गंध अजून ओलं.

"काय आहे हे?"

"तुमच्या गाडीची चेसी."

"चेसी गाडीखाली असते."

"व्हय, असते. तुमची हातात आली. हातोडी बी न्हाई मारली. अंगठ्यानं दाबली."

"मी तुला दोन थिगळं लावायला सांगितली होती. पासिंगपुरती."

"थिगळ लावायला खाली कापड लागतं, महाराज. इथं समदी चाळणी हाय. आमी न्हाई लावत. उद्या पुलावर गाडी मधून दुमडली तर खेमानं जोडली होती म्हणतील."

"तू वेल्डर आहेस की वकील?"

"वेल्डर हाय म्हणून तर आलो सकाळीच. वकील असतो तर तुमाला बोलावून घेतलं असतं."

मुकुलला हसू आलं, साबण तोंडात गेला. भाऊजींना आलं नाही.

ही जीप माझ्या सासऱ्यांची. शहाण्णव सालची, चारही चाकं ओढणारी. शिरड शहापूरच्या काळ्या रानात पावसाळ्यात ट्रॅक्टर रुतून बसायचे तेव्हा ही जीप त्यांना ओढून काढायची. सासरे जाऊन चार वर्षं झाली. त्यांची खोली आम्ही आवरली, कपडे वाटले, पण जीप कुणी विकायचा विषय काढला नाही. भाऊजी तर तिला 'गाडी' म्हणतच नाहीत, 'बाबांची जीप' म्हणतात. त्या जीपचा खालचा सांगाडा सडलाय, हे ऐकायची त्यांची तयारी नव्हती. का सडलाय, हे ऐकायची तर मुळीच नव्हती.

पण खेमानं ते सांगितलंच.

"गाडीला डांबर कोन फासायचं?"

"बाबा," भाऊजी म्हणाले. "दर दसऱ्याला. स्वतःच्या हातानं. पुजेच्या आधी."

"अन् डांबर फासायच्या आधी गाडी धुवायची, नळी लावून. बराबर?"

"मग काय, चिखलासकट पूजा करायची?"

"तिथंच चुकलं. आतली माती निघत न्हाई. त्या मातीत खताच्या गोण्या सांडलेल्या. वरून पाणी मारलं, अन् ओल्यावरच डांबर. समदं आत कोंडलं. जितकी माया केली तितकी सडली. एखाद्या आळशी मानसाकडं असती तर टिकली असती."

सासूबाईंचा मेथीवरचा हात थांबला. दसऱ्याच्या सकाळी सासरे जुनं धोतर नेसून जीपखाली झोपायचे. सासूबाई वरून डांबराचा डबा द्यायच्या. लग्नानंतर पहिल्या दसऱ्याला मीही दिला होता. दुपारी त्या चकचकीत काळ्या सांगाड्याला हळदकुंकू लागायचं, झेंडूची माळ चढायची. आमच्या आळीत निम्म्या गाड्यांना असंच डांबर लागायचं. सगळ्यांना वाटायचं, काय जपलंय.

"माझ्या वडलांना नावं ठेवायला आलास सकाळी सकाळी?" भाऊजींचा आवाज चढला. "तांड्यावरून?"

"तांड्यावरूनच आलो. चालत आलो. नावं न्हाई ठेवली. कारन सांगितलं."

"बदल मग. चेसी बदल. पण बाबांबद्दल एक शब्द नको."

"बदलतो. पन माझी अट हाय, तुमाला ठाऊक असंल."

त्याची अट सगळ्या तालुक्याला ठाऊक होती. गाडी उघडायची असेल तर गाडीवाल्याच्या घरचं एक माणूस काम संपेपर्यंत शेडमध्ये बसलं पाहिजे. ते माणूस उठलं की खेमा हत्यार खाली ठेवतो. यावरून गावात त्याला 'पंच' म्हणतात. "काय पंच, आज कुणाला बसवलं?" असं विचारून लोक पुढं जातात.

ही अट कशी आली ते मला त्यानंच मागं सांगितलं होतं, आमचं फाटक बसवायला आला तेव्हा. त्याचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख फिरणारे. बाप ऊस तोडायला जायचा, खेमाही बरोबर. कारखान्यावर ट्रॉल्या जोडणाऱ्या एका मिस्त्रीच्या हाताखाली तो वेल्डिंग शिकला. सव्वीसाव्या वर्षी परत येऊन त्यानं शेड टाकलं. दुसऱ्याच वर्षी एका ट्रॅक्टरवाल्यानं आळ घेतला, की खेमानं चांगला पंप काढून जुना बसवला. दोन दिवस त्याला ठाण्याच्या व्हरांड्यात बसवून ठेवलं. आठवड्यानं तो पंप ट्रॅक्टरवाल्याच्याच कोठारात सापडला. "सापडला हे मला कोनी सांगितलं असंल, वहिनी? कुनी न्हाई. त्याच्या सालगड्यानं बिडी पेटवता पेटवता सांगितलं. सालभर शेडवर कुत्रं फिरकलं न्हाई." तेव्हापासून अट.

"मी बसू तुझ्या शेडमध्ये?" भाऊजी म्हणाले. "देवळातली पाळी सोडून?"

मुकुलला कॉलेजच्या ऑफिसात परीक्षेचे दिवस. सगळे एकमेकांकडं पाहत राहिले. तोवर नळ गेला होता.

"मी बसते," मी म्हणाले.

सासूबाई म्हणाल्या, "तू?" आणि मेथी उचलून आत गेल्या.

---

खेमानं आधी गाडीला हात लावला नाही. मुकुलला हिंगोलीला आरटीओत पाठवलं, चेसी बदलायचा अर्ज देऊन पोचपावती आणायला लावली. ती पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून शेडच्या खांबाला बांधली. मग चेसी शोधली. कनेरगाव नाक्याजवळ हरिचंद नावाच्या माणसाचा ढाबा आहे. ढाब्यामागं त्याची तसलीच एक जीप दहा वर्षांपासून उभी होती, बॉडी गळून गेलेली. तिच्या इंजिनमधून तेल गळायचं आणि हरिचंदनं ते कधी दुरुस्त केलं नाही. सगळा सांगाडा तेलानं माखलेला, त्यावर बोटभर धूळ. खेमानं खरवडून पाहिलं तर आत लोखंड निळं, नव्यासारखं.

"पाह्यलं?" टेम्पोतून उतरवताना तो मला म्हणाला. "ह्या मानसानं गाडीला जन्मात फडकं लावलं न्हाई. देव त्यालाच देतो."

"तोंड चालवू नको, साखळी ओढ," मिना म्हणाली.

मिना त्याची बायको. मदतनीसही तीच. ग्राइंडर ती चालवते, नटबोल्ट तिला आकड्यांसकट पाठ. दोघं आपसात त्यांच्या बोलीत बोलतात. शब्द मला कळत नव्हते, पण भांडण कुठल्याही भाषेत कळतं.

मी बाजूला पालथ्या क्रेटवर बसायची, बरोबर भरतकाम. पहिल्याच दिवशी रस्त्यावरून जाणाऱ्या आमच्या आळीतल्या बाई थांबल्या. "काय संपदावहिनी, वेल्डिंग शिकून राहिल्या का?" दुसऱ्या दिवशी त्या आणखी दोघींना घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी घरी पोचले तर सासूबाई म्हणाल्या, "लोकं विचारतात, तुमच्यात पुरुष नाहीत का?" मी म्हटलं, "आहेत की. पण त्यांना वेळ नाही, असं सांगा." ताट समोर जरा जोरातच आलं.

खेमा गोड बोलत नाही. भाव विचारायला आलेल्या माणसाला म्हणतो, "काहून, दुसरीकडं फुकट करून देत्यात का?" मलाही सोडलं नाही. मी एकदा चहा आणायला उठले तर म्हणाला, "बसा. च्या मिना आणंल. तुमी उठला की मी चोर." त्याच्या बोलण्यात आदर शोधत बसलं तर दिवस जाईल. तो हातात होता. जीपची बॉडी साखळीच्या कप्पीनं उचलली तेव्हा सासऱ्यांनी डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपती पडू नये म्हणून त्यानं आधी चिंधीनं बांधला, कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक बोल्ट काढला की एका पत्र्यावर गाडीच्या आकारातच मांडायचा, पुढचा पुढं, मागचा मागं. दोन्ही सांगाडे शेजारी ठेवून त्यानं दोरीनं कोपऱ्यापासून कोपरा मापला, तिरका, दोन्हीकडून. मिनानं दोरीचं टोक धरलं. नव्या चेसीत बोटभर फरक निघाला. तो तापवून, जॅक लावून सरळ करण्यात अख्खी दुपार गेली. "बोटभर चाललं असतं ना?" मी विचारलं. "चाललं असतं," तो म्हणाला, "तिरकं."

तिसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी आले. बॉडी साखळीवर लटकलेली, खाली नवा सांगाडा, आणि भिंतीला टेकवलेला जुना, जाळी झालेला. भाऊजींनी जुन्याकडं पाहिलंच नाही.

"आरटीओचं किती दिवस चालणार?"

"सायेब येतील, जुनी चेसी पाहतील, नवीन पाहतील, हरिचंदची कागदं पाहतील. मग चोपडीत नंबर बदलंल."

"महिना जाईल. शिरडला हळद शिजून पडलीय." भाऊजी जवळ आले, आवाज खाली केला. "जुन्या चेसीवर नंबर ठोकलेला असतो ना पुढं? तेवढा तुकडा काप आणि नव्यावर जोड. कुणाला कळतंय?"

"न्हाई."

"अरे, गाडी आमची, नंबर आमचा. चोरी कुठं आहे?"

"नंबराला माझा कटर लागणार न्हाई. ग्राइंडर बी न्हाई. दुसरं काही बी सांगा."

"आता मी शिकवायचं का तुला?"

"शिकलेलंच हाय, महाराज. ठाण्याच्या व्हरांड्यात. दोन दिवस."

मिना ग्राइंडर बंद करून उभी राहिली. भाऊजींना आता मागं सरता येईना. ते जुन्या सांगाड्यापाशी गेले, पहिल्यांदाच. पुढच्या टोकाला हात लावून पाहिलं. डांबराचे थर, काळे, गुळगुळीत.

"कुठंय नंबर? इथं तर काहीच नाही."

"डांबराखाली."

"कशावरून? ही चेसी आमचीच कशावरून? बाबांनी पंचवीस वर्षं जपलेली चीज अशी चाळणी होते?" त्यांचा चेहरा बदलला. मला वाटतं त्या क्षणी त्यांना ते खरंच पटलं. सोपं होतं ना ते. वडलांच्या हातून सडली यापेक्षा खेमाच्या हातून चोरीला गेली, हे सोपं होतं. "आमची चांगली चेसी विकलीस तू. ही कुठलीतरी भंगारातली आणून उभी केलीस."

"भाऊजी," मी म्हणाले, "मी तीन दिवस इथं बसलेय."

"तुला काय कळतंय चेसीतलं!"

आणि ते निघून गेले.

त्या संध्याकाळी स्टँडसमोरच्या चहाच्या हॉटेलात भाऊजी बोलले. मी तिथं नव्हते. पण आमच्या गावात अशा गोष्टी ऐकायला तिथं असावं लागत नाही. "खेमानं बाबांच्या जीपची चेसी विकली, चोर आहे तो," असं, आणि मोठ्यानं. भाऊजींचा आवाज देवळात घुमायची सवय असलेला. वीसेक माणसं होती म्हणे.

चौथ्या दिवशी मी शेडवर गेले तर बाहेर उभे असलेले दोन ट्रॅक्टर नव्हते. एकाचा नांगर जोडायचा होता, एकाची ट्रॉली.

"सकाळीच नेले," मिना म्हणाली. माझ्याकडं न बघता. "म्हणले, नंतर आणतो. मागच्या वक्ताला बी असंच म्हणले होते. सालभर."

खेमा बोल्ट मोजत होता.

साडेअकराला ठाण्यातले जमादार आले, मोटरसायकलवर. पाठोपाठ भाऊजी, हातात जीपचं आरसी बुक. रस्त्यावर आठ-दहा माणसं गोळा झाली. कुणीतरी ओरडलं, "काय पंच, आज पोलीस बसवला का?" हशा झाला.

जमादार वयस्क होते, घाम पुसत होते. "खेमा, नंबर दाखव. असला तर विषय संपला."

"डांबराखाली हाय, साहेब. पुढं, उजव्या चाकाच्या वर."

"मग मार ग्राइंडर, निघेल डांबर."

मिनानं ग्राइंडर उचललाही. खेमानं तिच्या हातातून काढून घेऊन जमिनीवर ठेवला.

"ग्राइंडर मारला तर नंबर बी घासून जाईल. मंग म्हणाल खेमानं खोडला. मी हात लावणार न्हाई. मिना बी न्हाई." तो माझ्याकडं वळला. "डिझेल अन् फडकं देतो. वहिनी, तुमी पुसा."

मी भाऊजींकडं पाहिलं. त्यांनी मान वळवली. रस्त्यावरच्या त्या आळीतल्या बाई बारीक डोळे करून पाहत होत्या.

मी पदर खोचला आणि बसले.

डांबर असं निघत नाही. डिझेलचं फडकं ठेवायचं, भिजू द्यायचं, मग लाकडी पट्टीनं सरकवायचं. पहिला थर निघाला, खाली दुसरा. खेमा लांब उभा राहून सांगत होता, "घाई करू नका. दाबू नका. खालचं लोखंड कच्चं हाय, नंबरासकट सुटून येईल." एकेक दसरा निघत होता. एका थरात मला झेंडूची पाकळी दिसली, चिकटून काळी झालेली. मी ती फडक्यात घेतली. तास गेला. माझे हात कोपरापर्यंत काळे. लोक कंटाळून कमी झाले, पण भाऊजी हलले नाहीत, आणि सासूबाई कुणाच्या तरी स्कूटरवर बसून येऊन उभ्या राहिल्या, हे मला फार उशिरा कळलं.

मग एक सात आला. त्याच्याशेजारी दोन. मी पुसत गेले, जमादार वाकून वाचत गेले आणि भाऊजींच्या हातातल्या पुस्तकाशी ताडत गेले. सात, दोन, शून्य, नऊ. पुढचा आकडा गंजानं अर्धा खाल्लेला होता. जमादारांनी चष्मा लावला, नखानं चाचपलं.

"चारच आहे," ते म्हणाले. "बराबर आहे सगळं. तुमचीच चेसी आहे, महाराज."

जमादारांनी वहीत लिहून घेतलं. मी चार दिवस तिथं बसले होते, जुनी चेसी माझ्यासमोर निघाली, हेही मी सांगितलं आणि खाली सही केली. बोटाचं डांबर कागदाला लागलं. मोटरसायकल सुरू करताना ते खेमाला म्हणाले, "बरं केलंस, ग्राइंडर नाही मारला."

भाऊजी जुन्या सांगाड्यासमोर उभे होते. उघड्या पडलेल्या लोखंडावर त्यांनी बोट ठेवलं. ते आत गेलं. त्यांनी पटकन काढून घेतलं आणि धोतराला पुसलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.

"गाडी कधी मिळेल?" ते म्हणाले.

"आरटीओचा सायेब पाहून गेला की दुसऱ्या दिवशी."

"बरं." आणि ते गेले.

---

जीप तीन आठवड्यांनी मिळाली. आरटीओचे साहेब येऊन दोन्ही सांगाडे पाहून गेले, पुस्तकात नवा नंबर चढला. खेमा स्वतः चालवत घरी घेऊन आला, मागं मिना. सासूबाईंनी फाटकातच गाडीवरून नारळ ओवाळला. भाऊजी वर होते. पायऱ्यांवर पाऊल वाजलं नाही.

खेमानं चावी मुकुलच्या हातात दिली आणि सांगितलं, "हिला धुतली तर उन्हात दोन दिवस उघडी ठेवा. डांबर लावायचं न्हाई. जळकं ऑइल लावा, गॅरेजवाले फेकूनच देत्यात."

सासूबाई आत गेल्या आणि ताट घेऊन आल्या. ताटात एक सदऱ्याचं कापड, एक लुगडं, वर खण. त्यांनी ते मिनासमोर धरलं. म्हणाल्या, "घे गं. झालं गेलं विसरा. राग ठेवू नका."

मिनानं हात पुढं केला नाही. "आमच्याकडं धडुती हायेत, आई."

"अगं, मानाचं आहे."

"मान ज्यानं काढला त्यानं द्यावा की. तुमी काहून देऊन राहिल्या?"

सासूबाईंचे हात ताटासकट तसेच राहिले. मुकुल घसा खाकरून गाडीचं बोनेट उघडायला लागला. मी ताट त्यांच्याकडून घेतलं आणि ओट्यावर ठेवलं.

"शेडवर काय चाललंय?" मी खेमाला विचारलं. विचारायला नको होतं. मी रोज भाजीला त्या रस्त्यानं जात होते.

"काय चालायचं. मिना मोडकी खुर्ची जोडून ऱ्हायली, अन् मी तिला सांगून ऱ्हायलो कशी जोडायची."

"पण जमादारांनी लिहून दिलंय की. नंबर निघाला, सगळ्यांनी पाहिलं."

"आठ-दहा जनांनी पाह्यलं, वहिनी. तेवढे बी तासाभरात उठून गेले, नंबर निघायच्या आधी. हाटेलात ऐकलं वीस जनांनी. त्यांनी घरी जाऊन सांगितलं. जमादाराची वही कोन वाचतंय? कालच एकजन आला होता, कुळवाची फास जोडायला. फास हातातच धरून उभा होता. म्हणला, इथंच जोड, मी सोडत न्हाई. फास हो, वहिनी. लोखंडाची पट्टी. तेवढी बी मी घेऊन पळंल असं वाटून ऱ्हायलं त्याला."

हे सांगताना त्याला हसू आलं. मिनाला आलं नाही.

"खेमा," मी म्हणाले, "तुम्हाला काय हवंय ते सांगा. माझ्याच्यानं होईल ते मी करीन."

त्यानं वरच्या खिडकीकडं पाहिलं. पडदा हलला, की मला तसं वाटलं.

"महाराजांनी माफी मागावी असं न्हाई म्हणत मी. पाया पडावं असं बी न्हाई. मोठं मानूस हाय, बापाचं दुःख हाय, कळतं मला." त्यानं पान्यानं तळहात खाजवला. "त्यांना एवढंच सांगा. एक दिवस संध्याकाळी स्टँडसमोरच्या त्याच हाटेलात जावं, मानसं बसलेली असताना, अन् एकदा म्हणावं, खेमानं चेसी चोरली न्हाई."